पन्हळीच्या आधी चाळणी

नदीच्या वाळूतून सोन्याचे कण वेगळे करण्यासाठी घरच्या घरी पन्हळ, म्हणजे वाहत्या पाण्यात वाळू धुण्याचा पाट, बनवणारे लोक बहुतेक सगळी मेहनत पन्हळीवर घेतात आणि चाळणी कशीबशी उरकतात. माझ्या मते चाळणी आधी नीट जमली पाहिजे.

सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, तर वाळूतल्या क्वार्ट्झची साधारण २.६५ पट. म्हणजे सारख्या आकाराचा सोन्याचा कण वाळूच्या कणाहून सातपट जड. पाण्यात मात्र दोघांनाही उत्प्लावक बल वर ढकलतं. दोन्ही आकड्यांतून एकेक वजा होतो आणि फरक थेट अकरापटीवर जातो! पाणी माती धुऊन नेतंच, शिवाय सोन्याचं जडपणही ठळक करतं. या सगळ्या खटाटोपातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

पण कण किती वेगाने बुडेल हे त्याच्या आकारावरही ठरतं. अगदी बारीक कणांत, सोन्याच्या सव्वातीनपट व्यासाचा वाळूचा कण सोन्याच्याच वेगाने तळ गाठतो. भरड कणांत तर हे प्रमाण अकरापटीच्या आसपास जातं. मग पाण्याने निवड करायची तरी कशी? त्यात मोठे खडे हलवायला प्रवाह वाढवला की बारीक सोनंही निघून जातं. म्हणून आधी पाच-सहा मिलिमीटरच्या आणि मग दोन मिलिमीटरच्या जाळीतून वाळू चाळायची आणि प्रत्येक गट वेगळा धुवायचा. तळ कापलेल्या बादलीला स्टीलची जाळी घट्ट बसवली की काम भागतं.

पन्हळ त्यामानाने सोपी. मीटरभर लांबीचा उघडा पाट, तळाशी केसाळ कार्पेट किंवा खाचांची रबरी चटई आणि तिच्यावर प्रवाहाला आडव्या पट्ट्या. पट्टीवरून उतरणारं पाणी तिच्या मागे भोवरा धरतं. हलकी वाळू त्यात उचलली जाऊन पुढे सरकते, जड कण चटईत रुततात. चटईच्या जागी पूर्वी कापड किंवा जनावरांची कातडी अंथरत; जर्मन विद्वान अग्रिकोलाच्या खाणकामावरच्या, १५५६ साली छापलेल्या ग्रंथात या पद्धती आल्या आहेत.

उतार मीटरला आठेक सेंटिमीटर ठेवून सुरुवात करावी. पट्ट्यांमागे वाळू गच्च बसली तर पाणी कमी पडतंय. चटई उघडी दिसू लागली तर जास्त होतंय.

शेवटी चटई बादलीत धुतली की काळी रेती उरते. त्यातला मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या चुंबकाने निघतो. चपटे बारीक कण पृष्ठताणामुळे तरंगतात, त्यांना भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पुरतो. पारा मात्र कधीही वापरू नका. त्याची वाफ मेंदू आणि मूत्रपिंडांना इजा करते, आणि पाण्यात गेलेला पारा माशांतून माणसाकडे परत येतो. अनेक देशांत नदीतल्या खनिजांवर सरकारचा हक्क असतो, तेव्हा परवानगीची चौकशीही आधीच करावी.

नदीवर नेण्यापूर्वी पन्हळ टबात तपासता येते. शिशाची घनता ११.३, म्हणजे सोन्याहून कमी. शिशाचे बारीक, चपटे केलेले तुकडे मोजून वाळूत मिसळा, हातमोजे घालूनच, आणि ती वाळू पन्हळीतून सोडा. त्याच आकाराचं शिसं थांबलं तर सोनं थांबेलच. बहुतेक तुकडे पहिल्या दोन-तीन पट्ट्यांमागे मिळाले तर मांडणी जमली. शेवटच्या पट्टीपर्यंत पोहोचले असतील तर उतार थोडा कमी करून, सगळे तुकडे वेचून, पुन्हा सोडा.