जुन्या पिकअपची इंधनव्यवस्था : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

महिंद्राच्या एफसी-१५० सारखी जुनी पेट्रोल पिकअप रिस्टोअर करून घेणारे ग्राहक रंग, पत्रा आणि गादीकाम यांची बारकाईने चौकशी करतात. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापर्यंतच्या) मार्गाविषयी मात्र क्वचितच कोणी विचारतो. इंजिन सुरू झाले म्हणजे तो मार्ग ठीक आहे, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात या गाडीचे हरिकेन इंजिन ज्या पेट्रोलसाठी घडले, ते आज मिळत नाही. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले आणि आता बहुतेक पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते.

हे इथेनॉल आपल्याकडच्या उसाचे असले, तरी जुन्या गाडीशी त्याचे जमत नाही. त्याने जुन्या रबराच्या नळ्या फुगतात आणि मऊ पडतात, बुचाची (कॉर्कची) गॅस्केट खराब होतात, आणि टाकीत वर्षानुवर्षे बसलेला साका सुटून थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, जाऊन अडकतो. शिवाय ते हवेतला ओलावा ओढून घेते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल यांचा वेगळा थर तळाशी साचून टाकीला आतून गंज चढतो.

म्हणून आमचे काम टाकीपासून सुरू होते. टाकी उतरवून आतून साफ केली जाते. झाळकामाचा डाग द्यावा लागणार असल्यास पेट्रोलची वाफ पूर्णपणे गेल्याची खात्री होईपर्यंत ज्योत जवळ आणली जात नाही. त्यासाठी जादा दिवस लागतात आणि ते कमी करण्याचा आग्रह कृपया धरू नये. त्यानंतर इथेनॉलला टिकणारी होस (नळी), नव्या क्लिपा आणि सहज बदलता येईल असा फिल्टर बसवला जातो. पेट्रोल लाइन एक्झॉस्टजवळून जात असल्यास ती दूर घेतली जाते, कारण उन्हाळ्यात घाट चढताना गाडी बंद पडते आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होते, तेव्हा बहुधा लाइनमध्ये पेट्रोलची वाफ झालेली असते.

इंजिनवर चालणारा मूळ एसी कंपनीचा पेट्रोल पंप शक्यतो ठेवावा आणि त्याचा डायाफ्राम (आतला लवचिक पडदा) तेवढा बदलावा, असे आमचे मत आहे. इंजिन ऑइल मोजायच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर डायाफ्राम फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता असते. अशा स्थितीत इंजिन अजिबात चालवू नये. इलेक्ट्रिक पंप हवाच असेल, तर तो कमी दाबाचा निवडून टाकीजवळ बसवला जातो. दाब ४-५ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर गेल्यास कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई तो रोखू शकत नाही आणि कार्बोरेटर वाहू लागतो, म्हणून रेग्युलेटर लागतो. ऑइलचा दाब नाहीसा होताच पंप बंद करणारा स्विच आम्ही प्रत्येक गाडीत लावतो. अपघातात इंजिन थांबले आणि पंप चालूच राहिला, तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे १३.५ भाग पुरते. जुन्या जेटवर त्यामुळे मिश्रण पातळ पडते (हवेच्या मानाने इंधन कमी होते), गाडी झटके देते आणि इंजिन तापते. अशा वेळी मेन जेट थोडा मोठा करून प्लगचा रंग पाहत ट्यूनिंग करावे लागते. शिशाअभावी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर होणारी झीज हा निराळा विषय आहे. या इंजिनात ते व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असल्याने ती तपासणी इंजिन उघडलेले असतानाच उरकावी.

फ्युएल इंजेक्शन बसवावे का, हा प्रश्न अलीकडे वारंवार येतो. बसवता येते, परंतु बाजारातल्या बहुतेक संचांना ४० पीएसआयहून अधिक दाब, निराळी होस, परतीची लाइन आणि भक्कम वायरिंग लागते, आणि आतून आडव्या पट्ट्या नसलेल्या जुन्या टाकीत चढावर पंप हवा ओढू लागतो. रविवारी फिरवायच्या गाडीसाठी एवढा खटाटोप आम्हाला योग्य वाटत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनाची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असल्यास ते मूळ रूपात जपलेले असणे आवश्यक आहे. त्यामुळे चेसिसला नवी भोके न पाडता काम केले जाते आणि उतरवलेले सर्व मूळ भाग डब्यात भरून ग्राहकांना परत दिले जातात.

गाडी ताब्यात घेतल्यानंतर पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये फिल्टर एकदा बदलून घ्यावा आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची असल्यास त्याआधी टाकी रिकामी करून घ्यावी.