अशक्तपणा, सुई आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट

माझ्या मामेभावाच्या पोटरीत सुई टोचलेली होती आणि स्नायूतल्या विजेच्या हालचाली टिपणाऱ्या ईएमजी मशीनच्या स्पीकरमधून काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांची नजर स्क्रीनवर होती, पण कान स्पीकरकडे. “आता पंजा खाली दाबा,” त्या म्हणाल्या आणि खोलीभर खरखर उमटली. “सोडा.” परत शांत. दोन्ही पाय, एक हात, कंबरेजवळचे स्नायू असं करत अर्धा तास गेला. रिपोर्ट आला: नॉर्मल. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, “मग माझ्या पायांत त्राण का नाही?”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर त्याला तिथे कुणी दिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

सुरुवात झाली जानेवारी २०२५ मध्ये. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडू शकतात. आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. मामेभाऊ तिथेच राहतो. एक दिवस जिना चढताना त्याला पाय जड वाटले. नसांमधून संदेश किती वेगाने जातो हे बघणारी एनसीव्ही चाचणी झाली, ती नॉर्मल. जीबीएसमध्ये पहिल्या काही दिवसांत ही चाचणी नॉर्मल येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी आठवड्याने परत बोलावलं. तेव्हाही काही नव्हतं. जीबीएसचा अशक्तपणा बहुधा चार आठवड्यांच्या आत टोकाला पोहोचतो. दोन महिने उलटले आणि तो चालत-फिरत होता, तेव्हा ती भीती आपोआप गेली. पण रिकामी जागा रिकामी राहिली नाही. मोबाईलवर शोधता शोधता त्याला एएलएस सापडला, स्नायू हळूहळू निकामी करत जाणारा आजार. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी निदान झालं तोच. त्याच रात्री त्याची पोटरी उडायला लागली.

आता एएलएसची शंका तपासणाऱ्या त्या सुईकडे वळू, कारण त्या शांततेचा अर्थ कळला तर निम्मी भीती तिथेच उतरते.

पाठीच्या कण्यातली एक चेतापेशी पोटरीतले हजाराच्या घरातले स्नायूतंतू सांभाळते. एएलएसमध्ये या चेतापेशी एकेक करून मरतात आणि त्यांचे तंतू पोरके होतात. पोरका तंतू गप्प बसत नाही. कुणी हुकूम दिलेला नसताना तो आपला आपण विजेचे बारीक ठोके देत राहतो आणि स्पीकरवर ते पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसे टपटप ऐकू येतात. केंब्रिजच्या एडगर एड्रियन यांनी डेटलेव्ह ब्रॉंक यांच्याबरोबर १९२९ मध्ये अशी सुई वापरात आणली, तेव्हापासून डॉक्टर स्नायूला कान लावून बसतात. निवांत पडलेला निरोगी स्नायू आवाज करत नाही. मामेभावाला जी शांतता कोरी वाटली, तीच खरी बातमी होती.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. काही चेतापेशी मेल्या की शेजारच्या धडधाकट चेतापेशी नवे धागे काढून पोरके तंतू दत्तक घेतात. त्यामुळे बरीच पडझड होईपर्यंत माणसाला ताकद कमी झाल्याचं कळतही नाही. पण सुईला कळतं: दत्तक तंतूंमुळे एकेका चेतापेशीचं कुटुंब मोठं झालेलं असतं आणि स्क्रीनवरच्या लाटा उंच, पसरट दिसतात. म्हणजे या आजारामुळे एखाद्या स्नायूची ताकद खरोखर गेली असेल, तर त्या स्नायूत सुई घातल्यावर काहीच सापडू नये, असं सहसा होत नाही. “टेस्ट फार लवकर केली म्हणून दिसलं नसेल” ही शंका प्रत्येकाच्या मनात येते. ज्या स्नायूत अशक्तपणा जाणवतोय तोच तपासला असेल, तर तिला फारसा आधार उरत नाही.

आणि स्नायू उडणं? पापणी उडते तशीच पोटरी उडते. जागरण, चहा-कॉफी, दमछाक, काळजी, काहीही पुरतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये अशा १२१ जणांचा मागोवा प्रसिद्ध केला. स्नायू उडत होते, पण तपासणीत बाकी काही नव्हतं. काहींचा मागोवा तीस वर्षांहून जास्त होता. त्यांच्यातल्या एकालाही एएलएस झाला नाही.

तरी मामेभावाचा प्रश्न उरतोच. घोळ मला आपल्या शब्दातच दिसतो. आपण अशक्तपणा म्हणतो तेव्हा त्यात काय काय येतं! तापानंतर गळून जाणं, उपासाने हातपाय थरथरणं, झोप न झाल्याने अंग मोडून येणं, हातात जीव नसल्यासारखं वाटणं. न्यूरॉलॉजिस्टच्या लेखी मात्र अशक्तपणा म्हणजे तुम्ही पूर्ण जोर लावूनही स्नायूने काम न करणं: टाचांवर चालताना पंजा खाली पडणं, चप्पल न कळत पायातून निसटणं, शर्टाचं बटण न लागणं, बोलणं जड होणं, गिळताना ठसका लागणं, मांसल भाग डोळ्यांदेखत वाळत जाणं. असं काही होत असेल आणि वाढत असेल, तर रिपोर्ट आधी काहीही आलेला असो, परत जायलाच हवं. मामेभावाला पाय जड ‘वाटत’ होते. जिना तो चढत होता.

सुईची चाचणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते: नस आणि स्नायूचं नातं शाबूत आहे का? रक्त कमी आहे का, थायरॉइड मंदावलंय का, ड जीवनसत्त्व तळाला गेलंय का, कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू दुखतायत का, हे तिला विचारायचंच नसतं. आपल्याकडे ब१२ची कमतरता इतकी आहे की पाय जड म्हणणाऱ्या प्रत्येकाचं ब१२ आधी बघावं, असं माझं ठाम मत आहे. मामेभावाचं ड जीवनसत्त्व खरंच कमी निघालं. साध्या रक्ततपासणीत. सुईनंतर तीन आठवड्यांनी.

कधी कधी नस ठीक, स्नायू ठीक, आणि तरी पाय हुकूम ऐकत नाही. अमेरिकन डॉक्टर चार्ल्स हूवर यांनी १९०८ मध्ये याची एक साधी खूण सांगितली. उताणं पडून एक पाय उचलला की दुसऱ्या पायाची टाच आपोआप गादीत रुतते. ‘टाच दाबा’ म्हटल्यावर ज्याचा पाय दाबत नाही, त्याचीच टाच चांगला पाय उचलताना भक्कम दाबली जाते. जोर आहे, लक्ष देऊन मागितला की तो मिळत नाही. हे सोंग नव्हे. ही मेंदूच्या कामकाजातली खरी अडचण आहे आणि योग्य फिजिओथेरपीने बरेच जण सुधारतात. “तुम्हाला काही झालेलं नाही” असं सांगून अशा माणसाला घरी पाठवणं मला क्रूरपणाचं वाटतं.

मामेभावाच्या बाबतीत ड जीवनसत्त्वापेक्षा मोठं कारण रात्री स्वयंपाकघरात सापडलं. मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. दोन वाजता पाणी प्यायला उठलो, तर तो ओट्याला धरून एका वेळी एका पायाची टाच उचलत होता. डावीकडे वीस, उजवीकडे वीस. मग लोणच्याच्या बरणीचं झाकण एका हाताने, मग दुसऱ्या. दिवसातून किती वेळा, विचारलं. त्याने मोजलं नव्हतं. वहिनी म्हणाली, दर तासाला. इतक्यांदा राबवलेली पोटरी दुखणार, थरथरणार, उडणारच. आणि तो प्रत्येक थरथरीला पुरावा समजत होता. बहुतेकांचा उजवा हात डाव्यापेक्षा मुळातच जरा बळकट असतो, तोही फरक त्याच्या वहीत लक्षण म्हणून लिहिलेला होता.

चौथ्यांदा चाचणी करून हे थांबलं नसतं. १४ वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर आजाराची शक्यता मुळात कमी असताना केलेल्या चाचण्यांनी रुग्णांची काळजी फारशी कमी झाली नव्हती. उलट आजाराच्या भीतीवर नेमकी बेतलेली बोलण्याची उपचारपद्धती, सीबीटी, उपयोगी पडते, हे इंग्लंडमधल्या रुग्णालयांत ४४४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. ही भीती किरकोळ नाही. स्वीडनमधल्या २०२३च्या अभ्यासात आजारभयाचं निदान झालेली माणसं इतरांपेक्षा सरासरी पाच वर्षं कमी जगली आणि त्यांच्यात आत्महत्यांचं प्रमाण सुमारे चौपट होतं. “मनाचे खेळ आहेत” म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हा आकडा एकदा वाचावा.

मामेभावाच्या समुपदेशक बाईंनी त्याला टाचा उचलायला बंदी केली नाही. आधी फक्त वेळ ठरवून दिली: सकाळी आठ, रात्री आठ. मधे ऊर्मी आली तर कॅलेंडरवर टिंब काढायचं आणि अर्धा तास थांबायचं. पहिल्या आठवड्याचं पान टिंबांनी काळं झालं होतं. जूनमध्ये एक अख्खा आठवडा तो रात्री आठची खेपही विसरला. पोटरी अजून अधूनमधून उडते. परवा बोलता बोलता उडाली, तेव्हा त्याने पँट वर करून मला दाखवली, आम्ही दोघांनी थोडा वेळ ती बघितली, आणि तो वहिनीच्या हातातली पाण्याची कळशी घ्यायला उठला.