परसंघनिष्ठा (फुटबॉल)

परसंघनिष्ठा : आपल्या गावचा किंवा शहराचा संघ हाताशी असताना त्याला बाजूला ठेवून दुसऱ्या, बऱ्याचदा त्याच्या प्रतिस्पर्धी, संघाच्या पाठीशी उभे राहण्याची फुटबॉल चाहत्यांमधील रीत. मराठीत तिला रूढ शब्द नाही; ‘परसंघनिष्ठा’ ही संज्ञा येथे सोयीसाठी योजली आहे. अशा चाहत्याला इंग्लंडमध्ये हेटाळणीने ‘ग्लोरी हंटर’ किंवा ‘प्लास्टिक फॅन’ म्हणतात. आपल्याकडे ‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण या विषयावर हमखास ऐकवली जाते. मात्र म्हण स्थिती सांगते, कारण सांगत नाही. आणि कारणांविषयीच अभ्यासकांत मतभेद आहेत.

‘स्थानिक’ कोणाला म्हणावे, येथूनच अडचण सुरू होते. लिव्हरपूल शहरात १८७८ मध्ये स्थापन झालेला एव्हर्टन क्लब १८८४ पासून अ‍ॅनफील्ड मैदानावर खेळत असे. मैदानाच्या भाड्यावरून त्याचे मालक जॉन हौल्डिंग यांच्याशी वाद झाला आणि १८९२ मध्ये क्लब स्टॅनले पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला निघून गेला. रिकामे मैदान हातात राहिलेल्या हौल्डिंग यांनी नवा संघ उभा केला; तोच आजचा लिव्हरपूल क्लब. २०२५ मध्ये एव्हर्टनने गुडिसन पार्क सोडेपर्यंत एका बागेच्या दोन टोकांना दोन संघ, आणि एकाच घरात लाल नि निळा असे दोन्ही रंग. येथे नकाशा काहीच ठरवत नाही.

कोलकात्यात हा प्रश्न अधिक खोल जातो. मोहन बागान १८८९ चा. जोडाबागान विरुद्ध मोहन बागान सामन्यातून शैलेश बोस यांना वगळल्याचे निमित्त होऊन १९२० मध्ये ईस्ट बंगालची स्थापना झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी हा संघ आपला मानला. त्यांच्या दृष्टीने गावचा संघ तोच होता. फक्त गाव सीमेपलीकडे राहिले होते. ईस्ट बंगाल जिंकला की हिलसा मासा आणि मोहन बागान जिंकला की कोळंबी, ही बाजाराची रीत अजून सांगितली जाते. या चाहत्यांना परसंघनिष्ठ म्हणणे चुकीचे ठरेल. संघनिष्ठा पत्त्याला धरून नसते, ती माणूस ज्याला घर म्हणतो त्याला धरून असते, हे मात्र या उदाहरणावरून स्वच्छ दिसते.

सर्वांत जास्त चर्चा झालेले उदाहरण इटलीचे आहे. युव्हेंटस हा उत्तरेकडील तुरीन शहरातील विद्यार्थ्यांनी १८९७ मध्ये स्थापन केलेला क्लब. खुद्द तुरीनमध्ये शहराचा संघ म्हणून १९०६ च्या तोरिनोचे नाव घेण्याकडे ओढा आहे. ४ मे १९४९ रोजी सुपेर्गा टेकडीवर विमान आदळून तोरिनोचा जवळजवळ सगळा संघ गेला, त्यानंतर हे नाते अधिकच घट्ट झाले. उलट युव्हेंटसचे चाहते शेकडो किलोमीटर दूर सिसिली, कालाब्रिया, पुल्या या दक्षिणेकडील प्रांतांत भरभरून आढळतात. तेथील गावोगावी स्वतःचे संघ आहेत, नापोलीसारखा मातब्बर क्लब आहे, आणि उत्तर-दक्षिण वैर तर इटलीच्या राजकारणातही आहे. तरीही असे का झाले?

रूढ स्पष्टीकरण स्थलांतराचे आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत दक्षिणेतील लाखो माणसे उत्तरेत गेली, त्यांतील अनेक तुरीनच्या फियाट मोटार कारखान्यात कामाला लागली. फियाटच्या अन्येल्ली घराण्याकडे १९२३ पासून क्लबची सूत्रे होती. कामगारांनी मालकाचा संघ आपला मानला आणि सुटीत गावी जाताना सोबत नेला. १९६८ मध्ये सिसिलीतील कातानियाचा पिएत्रो अनास्तासी संघात आला, तेव्हा या कामगारांना मैदानावर आपलाच माणूस दिसला. दुसरे मत असे की, ही ओढ स्थलांतराच्या आधीची आहे. इटलीत १९२९–३० पासून एकसंध राष्ट्रीय लीग सुरू झाली, १९३०–३१ ते १९३४–३५ अशी सलग पाच विजेतेपदे युव्हेंटसने मिळवली, आणि १९३४ चा विश्वचषक जिंकलेल्या इटलीच्या संघात त्याचे अनेक खेळाडू होते. रेडिओ आणि वर्तमानपत्रांतून हीच नावे देशभर पोहोचली. या मताप्रमाणे दक्षिणेतला माणूस तुरीनला जाण्यापूर्वीच युव्हेंटसचा झालेला होता.

प्रस्तुत लेखकाला दोन्हींतील पहिले मत अपुरे वाटते, पण गौण वाटत नाही. विजयांनी नाव पोहोचवले असेल. ते तीन पिढ्या टिकले ते मात्र घरातल्या माणसांमुळे. काकाने तुरीनहून आणलेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा ज्या घरात दोरीवर वाळत असतो, त्या घरातल्या पोराला लीगचा इतिहास कुणी वाचून दाखवावा लागत नाही.

मानसशास्त्रीय विवेचन : रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सात विद्यापीठांत केलेली पाहणी १९७६ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात आपले विद्यापीठ जिंकले की पुढच्या सोमवारी त्याच्या नावाचे कपडे घालणारे विद्यार्थी वाढत. बोलतानाही ‘आम्ही जिंकलो’ पण ‘ते हरले’ अशी सर्वनामे बदलत. दुसऱ्याच्या यशाच्या उजेडात उभे राहण्याची ही वृत्ती परसंघनिष्ठेचे मूळ म्हणून नेहमी सांगितली जाते. मराठीत या निरीक्षणाला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळे आणि ऐकणाऱ्यालाही कवेत घेणारे ‘आपण’ वेगळे. नाशिकच्या कॉलेज रोडवरचा मुलगा लंडनच्या संघाबद्दल ‘काल आपण जिंकलो’ म्हणतो, तेव्हा तो समोरच्यालाही त्या संघात ओढून घेतो. या ‘आपण’चा अभ्यास व्हायला हवा.

समाजशास्त्रज्ञ रिचर्ड जुलियानोटी यांनी २००२ मध्ये चाहत्यांचे चार प्रकार मांडले. एका अक्षावर परंपरा ते उपभोग, दुसऱ्यावर ओढीची तीव्रता. या मांडणीत दूरचा चाहता बहुधा उपभोगाच्या बाजूला पडतो. वर्गीकरण म्हणून ते उपयुक्त आहे, पण टीव्हीसमोर पंधरा वर्षे एकाच संघासाठी जागणारा माणूस त्यात नीट बसत नाही.

वयाचा मुद्दा अधिक ठोस आहे. सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ यांनी २०१४ मध्ये फेसबुकवरील पसंतीच्या नोंदी तपासून दाखवले की, अमेरिकेतील पुरुष बेसबॉल चाहत्यांची निष्ठा मुख्यतः वयाच्या आठव्या वर्षाच्या आसपास जिंकणाऱ्या संघाकडे झुकलेली असते. खेळ वेगळा, देश वेगळा. तरी हा निष्कर्ष आपल्याकडे ताडून पाहण्याजोगा आहे.

नाशिकमधील स्थिती : नाशिकला व्यावसायिक फुटबॉलचा स्वतःचा संघ नाही. मुंबई सुमारे १७० किमी. आणि पुणे सुमारे २१० किमी. दूर. क्रिकेटमध्ये नाशिक पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत मोडते आणि येथील अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने होतात. फुटबॉलची राज्य संघटना मात्र मुंबईची. म्हणजे ‘आपला’ संघ कोणता, याचे उत्तर खेळागणिक बदलते. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मुंबई सिटी आणि एफसी पुणे सिटी असे दोन पर्याय नाशिककरांसमोर आले. १८ ऑक्टोबर २०१४ च्या पहिल्या मुंबई-पुणे लढतीत मुंबईने ५–० असा विजय मिळवला. आंद्रे मोरित्झची त्या दिवशीची हॅट्‌ट्रिक ही लीगमधील पहिली. २०१९ मध्ये पुण्याचा संघ बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. ज्यांनी तो आपला मानला होता, त्यांच्या निष्ठेला संघच उरला नाही. परसंघनिष्ठेला नावे ठेवताना ही बाजू विसरली जाते : भारतातले क्लब बंद पडतात. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये असाच संपला. मूल ज्या संघाशी नाते जोडते, तो ते मोठे होईपर्यंत टिकला पाहिजे. एवढी साधी हमी इकडच्या क्लबांना देता आलेली नाही.

तिसराही ओढा होता. केरळ ब्लास्टर्सच्या मालकांत २०१८ पर्यंत सचिन तेंडुलकर होता, त्यामुळे मुंबई जवळ असूनही कोचीच्या पिवळ्या रंगाकडे वळणे मराठी मुलाला परके वाटत नसे. योगायोग असा की, केरळातील मिरवणुकांत ‘नाशिक ढोल’ याच नावाने ओळखली जाणारी पथके वाजतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई सिटीने आशियाई चॅम्पियन्स लीगमधला इराणच्या नासाजी माझंदरानविरुद्धचा ‘घरचा’ सामना पुण्यात बालेवाडीला खेळला. घर कोणते, हा प्रश्न क्लबांनाही चुकलेला नाही.

तथापि नाशिकमधील बहुसंख्य निष्ठा इंग्लंड-स्पेनच्या संघांकडे आहेत, आणि त्या केबलवरून आल्या. प्रीमियर लीग १९९२ मध्ये सुरू झाली. इंग्लंडात शनिवारी दुपारी तीनचे सामने थेट दाखवण्यास बंदी आहे, म्हणून मँचेस्टरमध्ये तिकीट न मिळालेल्या माणसाला जो सामना घरी बसून बघता येत नाही, तो नाशिकमध्ये हिवाळ्यात रात्री साडेआठला, ऐन जेवणाच्या वेळी लागतो. घरात एकच टीव्ही असताना या वेळेला महत्त्व होते. आई-वडिलांच्या मालिकांशी तडजोड करून मिळवलेला तो दीड तास मुलाला सहजासहजी विसरता येत नाही.

येथे वयाचा निष्कर्ष लागू पडताना दिसतो. १९९९ मध्ये तीन विजेतेपदे एकाच मोसमात मिळवणाऱ्या मँचेस्टर युनायटेडने एक पिढी बांधली. २००३–०४ चा मोसम ३८ सामन्यांत एकही न हरता काढणाऱ्या आर्सेनलने त्यानंतरची. २००५ मध्ये इस्तंबूलला मध्यंतरात ०–३ ने मागे असताना युरोपीय करंडक खेचून आणणाऱ्या लिव्हरपूलने आणखी एक. विजयामागे धावण्याचा आरोप इथपर्यंत खरा आहे. पुढे तो लंगडा पडतो. युनायटेडने २०१३ नंतरचे दशक लीगच्या विजेतेपदाविना काढले, आर्सेनलने २००४ नंतरची वीस वर्षे, आणि लिव्हरपूलला १९९० नंतर थेट २०२० मध्ये लीग मिळाली. केवळ जिंकणाऱ्याची साथ करायची असती, तर हे चाहते केव्हाच मँचेस्टर सिटीकडे गेले असते. बहुतेक गेले नाहीत. विजयाने दार उघडले, पण आत राहण्याची कारणे निराळी : भाऊ, वर्गमित्र, गल्लीतला एखादा दादा, पहाटे दीडचा सामना एकत्र जागून पाहिल्याची आठवण.

याउलट चित्र याच राज्यात कोल्हापूरला आहे. तेथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ आहेत आणि चाहता जन्माने पेठेचा असतो. राजर्षी शाहू स्टेडियमवर भरणारी गर्दी दूरच्या कुठल्या क्लबची वाट पाहत नाही. नाशिकला देवळालीच्या छावणीमुळे आणि १९२५ पासून तेथे असलेल्या बार्न्स स्कूलसारख्या निवासी शाळांमुळे फुटबॉल कोल्हापूरइतकाच जुना असावा, असा तर्क करता येतो. पण तो तालमी-पेठांच्या अंगाने वाढला नाही. छावणीतल्या पलटणी बदलत राहिल्या, शाळेतली मुले बाहेरगावची. ज्याला गल्लीने आपले म्हणावे, असा संघ शहरात रुजला नाही. स्थानिक संघाची उणीव हीच नाशिकमधील परसंघनिष्ठेचे पहिले कारण आहे, असे म्हणण्यास जागा आहे. दूरचित्रवाणी हे दुसरे.

जिल्हा पातळीवरील शालेय आणि क्लब सामने आजही होतात. प्रेक्षक मोजके असतात : पालक, राखीव खेळाडू, एखादे निवृत्त क्रीडाशिक्षक. सरावाला येणाऱ्या मुलांच्या अंगावर बार्सिलोना, चेल्सी, रेआल माद्रिद यांचे सदरे असतात, पाठीवर मेस्सीचा दहा किंवा रोनाल्डोचा सात. संघ पाडले की प्रशिक्षक जाळीदार बिब वाटतात, हिरव्या आणि केशरी. मुले त्या सदऱ्यांवरूनच चढवतात, आणि पुढचा तासभर हाका फक्त दोनच ऐकू येतात : ‘हिरव्याला दे’, ‘केशरी, मागे ये’.