'ईच अदर' दोघांचं, 'वन अनदर' घोळक्याचं? तसं काही नाही

कोल्हापुरात इंग्रजीच्या शिकवणीला जाणारी पोरं 'एकमेकांना' या अर्थाचे दोन शब्द अजून असे घोकतात: दोघं असतील तर 'ईच अदर', तिघांपासून पुढं 'वन अनदर'. रंकाळ्यावर दोन मित्र भेटू देत नाहीतर अख्खी तालीम, दोन्हीकडं दोन्ही चालतं. हा भेद 18व्या शतकाच्या अखेरीस व्याकरणवाल्यांनी मांडला. चांगल्या लेखकांनीही तो सर्रास मोडला. 1926 मध्ये कोशकार फाउलरनंही त्याला ना उपयोग, ना पूर्वापार आधार, असंच म्हटलं. आपलं 'एकमेकांना' तरी कुठं डोकी मोजतं?

खटकतं ते वेगळंच. 'दे हेल्प्ड ईच अदर म्युच्युअली' म्हणजे 'एकमेकांना परस्परांनी मदत केली'; 'म्युच्युअली' काढा. आणि 'जमीन परस्पर विकली' यातला 'परस्पर' तर म्युच्युअली नव्हेच, भावा!