रिपोर्ट म्हणतो औषध लागू पडतं, मग ताप का उतरत नाही?

पंचगंगा घाटाच्या पाण्यात बुडालेल्या पायऱ्यांवरून पाय सटकतो, तो बुळबुळीत थर नुसत्या शेवाळाचा नसतो. त्यात असंख्य जिवाणू स्वतःच तयार केलेल्या चिकट पदार्थात रुतून बसलेले असतात. ही बायोफिल्म. असाच थर रुग्णाच्या लघवीच्या नळीत, मानेच्या शिरेतल्या सेंट्रल लाईनवर, व्हेंटिलेटरच्या नळीवर धरतो.

कोकणातून, सीमाभागातून रुग्ण घेऊन आलेले नातेवाईक कोल्हापूरच्या थोरल्या दवाखान्यात (सीपीआर या सरकारी रुग्णालयात) असोत की राजारामपुरीतल्या खासगी रुग्णालयात, त्यांचा एक प्रश्न अगदी रास्त असतो. कल्चर रिपोर्टमध्ये, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून त्यांवर औषधं तपासणाऱ्या चाचणीत, औषधापुढे ‘सेन्सिटिव्ह’ (लागू पडतं) लिहिलंय, डोसही चालू आहे, तरी संसर्ग हटत का नाही किंवा बरा होऊन पुन्हा का उलटतो?

कारणं अनेक असू शकतात, पण नळी आत असेल तर बायोफिल्मचा विचार आधी व्हायला हवा. प्रयोगशाळेतली नेहमीची चाचणी सुट्या, जोमाने वाढणाऱ्या जिवाणूंवर होते. थरात बसलेल्या त्याच जिवाणूंना मारायला काही वेळा शंभर ते हजार पट जास्त औषध लागतं, आणि तेवढं माणसाला देता येत नाही. चिकट आवरण काही औषधांना वाटेतच धरून ठेवतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तळाशी प्राणवायू आणि अन्न कमी पोचल्याने तिथले जिवाणू जवळजवळ निपचित असतात. पेनिसिलीनसारखं औषध पेशीभित्ती बांधली जात असतानाच घाव घालतं. बांधकामच बंद असेल तर ते करणार काय? पेनिसिलीनला पुरून उरणाऱ्या अशा मोजक्या जिवाणूंची नोंद जिवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी 1944 मध्येच केली होती. औषध थांबलं की हेच जागे होतात.

हा खरा प्रतिरोध, म्हणजे जनुकांमुळे औषधाला दाद न देणं, नव्हे, कारण जनुकं बदललेली नसतात. पण थरातल्या दाटीत जिवाणू एकमेकांना प्रतिरोधाची जनुकं देऊ शकतात, आणि तिथून पुढे क्लेबसिएलासारखा जिवाणू औषधांना दाद देईनासा होऊन आयसीयूत डॉक्टरांची झोप उडवतो.

लघवीच्या नळीत प्रोटियस नावाचा जिवाणू तर आणखी पुढे जातो. तो युरियापासून अमोनिया तयार करतो, लघवी अल्कधर्मी होते, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे फॉस्फेट खडे थरात जमतात आणि नळी चक्क तुंबते. अशा वेळी अजून ‘हेवी’ इंजेक्शन मागून उपयोग नाही, नळीच बदलावी लागते.

नळी असेपर्यंत लघवीत जिवाणू आढळण्याची शक्यता रोज साधारण 3 ते 7 टक्क्यांनी वाढत जाते. जिवाणू आढळले म्हणजे आजार झालाच असं नाही. लक्षणं नसतील तर बहुतेकदा अँटिबायोटिक लागतही नाही. पण नळी जितके दिवस राहील तितका धोका वाढतो, म्हणून मला वाटतं, राउंडच्या वेळी ‘नळी आज काढता येईल का?’ हे नातेवाइकांनी न संकोचता विचारावं. स्वतः मात्र ओढू नये, आत फुगवलेला फुगा असतो. स्ट्रेचरवर घेताना युरिन बॅग रुग्णाच्या पोटावर ठेवली जाते, ते टाळावं. बॅग मूत्राशयाच्या खालीच हवी, नाहीतर लघवी उलट आत जाते. आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर कल्चरचा नमुना नवी नळी घालून मगच घ्यायचा असतो. जुन्या नळीतून घेतला, तर रिपोर्टमध्ये मूत्राशयातल्यापेक्षा नळीतलेच जिवाणू दिसण्याची शक्यता जास्त.