रोमांच पोर्तुगिजांनी आणलेला नाही

‘रोमांच’ हा शब्द पोर्तुगीज ‘रोमांस’वरून आला, असं गोव्यात अजूनही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. पटायलाही सोपं: पोर्तुगीजमध्ये कादंबरी म्हणजे ‘रोमांस’, रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीतल्या कादंबऱ्यांनाही तेच नाव. पण हे साफ चूक आहे.

‘रोमांस’च्या मुळाशी रोम शहर आहे. लॅटिनमधून निघालेल्या लोकभाषांना आणि पुढे त्या भाषांतल्या कथांना ते नाव पडलं. ‘रोमांच’मधला रोम म्हणजे अंगावरची लव. ती उभी राहणं, म्हणजेच अंगावर काटा येणं, हा रोमांच. पोर्तुगीज गोव्यात आले 1510 साली. भरताच्या नाट्यशास्त्रात हा शब्द त्याच्या हजारभर वर्षं आधीच आहे, तोही आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे मनातलं शरीरावर उमटवणाऱ्या खुणांपैकी, एक म्हणून. स्तंभ (अंग जागीच ताठरणं), स्वेद (घाम), अश्रू ही त्याची भावंडं.

आणि कारणं? भरतमुनी भय, हर्ष, क्रोध, स्पर्श, इतकंच काय थंडी आणि आजारसुद्धा सांगतात. गीतेत तर दोन्ही टोकं आहेत. पहिल्या अध्यायात अर्जुनाला ‘रोमहर्ष’ होतो तो विषादाने, हातातून गांडीव गळताना. अकराव्यात विश्वरूप पाहून तोच ‘हृष्टरोमा’ होतो, विस्मयाने.

गोव्यातल्या वास्को शहराच्या दामोदर सप्ताहात, म्हणजे तिथल्या भजनी उत्सवात, पखवाज आणि टाळ एका लयीत आले की मनगटापासून कोपरापर्यंत लव ताठ होते, तो हाच रोमांच. प्रेमकथेशी त्याचा संबंध जोडला की शब्दातली भक्ती आणि भय दोन्ही पुसली जातात, म्हणून हा खुलासा.