फायरमनच्या ट्रेनिंगमध्ये मन कधी आलं?

होजचं ड्रिल, शिडीचं ड्रिल फायर ब्रिगेडमध्ये पहिल्यापासून आहे, पण जळालेलं लेकरू बाहेर काढून आणल्यावर त्या रात्री झोपायचं कसं हे कोणी शिकवत नव्हतं. गाडी धुवायची, दोन आचरट जोक मारायचे, घरी जायचं, बस.

पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनाला जडणारा आजार) हे निदान मनोविकारांच्या अमेरिकेतल्या अधिकृत यादीत आलं तेच मुळी १९८० ला, आणि तेही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. फायरमनकडे लक्ष गेलं १९८३ ला. त्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात ॲश वेन्सडेचे वणवे पेटले, ७५ माणसं गेली, आणि मॅकफार्लेन नावाच्या सायकियाट्रिस्टने तिथे लढलेल्या व्हॉलंटियर फायरफायटर्सचा पुढे बराच काळ पाठपुरावा केला. काही जण तर सुरुवातीला ठणठणीत होते आणि कित्येक महिन्यांनी ढासळले, आणि किती भयंकर बघितलं एवढ्यावरून कोण आजारी पडेल हे सांगता येईना.

त्याच वर्षी अमेरिकेत जेफ्री मिचेलने (हा स्वतः आधी फायरफायटर-पॅरामेडिक) डीब्रीफिंगची पद्धत मांडली. मोठा कॉल झाला की दोनतीन दिवसांत टीमला गोल बसवायचं आणि काय बघितलं, काय वाटलं ते सात टप्प्यांत बोलायचं. ही जगभर पसरली, काही ठिकाणी सक्तीचीच झाली. मग १९९७ ला ब्रिटनमध्ये भाजलेल्या पेशंटवर ट्रायल झाली, त्यात १३ महिन्यांनी डीब्रीफिंग झालेल्यांत २६ टक्क्यांना पीटीएसडी आणि न झालेल्यांत ९ टक्क्यांना, म्हणजे उलटंच! २००२ च्या कॉक्रेन रिव्ह्यूने (झालेल्या ट्रायल एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष) सक्ती थांबवा असं स्पष्ट लिहिलं. मिचेलच्या बाजूचे म्हणतात की आमची पद्धत ग्रुपसाठी होती, एकट्या पेशंटसाठी नव्हेच, आणि मला तरी त्यात तथ्य वाटतं, पण विश्वास उडायचा तो उडालाच.

दुसरी वाट जुनीच होती. डोनाल्ड माइकेनबॉमने सत्तरच्या दशकातच लसीसारखी कल्पना मांडली होती, ताणाचा छोटा डोस आधीच द्या आणि तो हाताळायची स्किल्स घोटून घ्या: श्वास, स्वतःशी काय बोलायचं, प्रसंग आधी मनात चालवून बघणं. फायरमनला यातलं श्वासाचं पटकन पटतं, कारण पाठीवरच्या सिलेंडरचा काटा तो रोज बघतो. धुरात घाबरून धापा टाकल्या की हवा भराभर संपते, हवा संपत आल्याची शिट्टी लवकर वाजते आणि आतून परत फिरावं लागतं, त्यामुळे श्वास सांभाळणं तिथे आधीपासूनच कामाचा भाग आहे, फक्त त्याला कोणी सायकॉलॉजी म्हणत नव्हतं.

२०१९ ला न्यू साउथ वेल्सच्या २४ फायर स्टेशन्सवर सहा सेशनच्या ऑनलाइन माइंडफुलनेस (लक्ष आत्ताच्या क्षणावर ठेवणं) ट्रेनिंगची ट्रायल छापून आली. सहा महिन्यांनी ताणातून सावरायच्या क्षमतेत फरक दिसला, पण ज्यांनी जास्त सेशन पूर्ण केली त्यांच्यात जास्त.